कॅन्सस सिटीचे ‘सम्राट’

ज्या समाजास दाराबाहेर ठेवले जाते, तो समाज दाराबाहेर राहून काय करतो याची नोंद इतिहासग्रंथांत क्वचितच आढळते. दार कोणी लावले, कोणी ठोठावले आणि अखेर ते कोणी उघडले, या तीन प्रश्नांची उत्तरे दिली की आपले कर्तव्य संपले असे इतिहासकारांस वाटते. परंतु दार बंद असताना मध्ये जी वर्षे गेली, त्या वर्षांत बाहेरच्या माणसांनी अंगणातच चूल मांडली आणि संसार थाटला. त्या संसाराचे मोल काय, हा चौथा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील बेसबॉल या खेळाचा इतिहास हा या उपेक्षेचा उत्तम नमुना होय. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिनच्या गोऱ्या संघातून खेळावयास उतरला आणि साठ वर्षांची वर्णबंदी मोडली, ही कथा जगप्रसिद्ध आहे. मात्र तो ज्या संघातून तेथे गेला, त्या ‘कॅन्सस सिटी मोनार्क्स’ संघाचा १९२० नंतरच्या दशकातील उत्कर्ष आपल्याकडे फारसा कोणास ठाऊक नाही. ‘मोनार्क्स’ म्हणजे सम्राट. ज्यांस गोऱ्यांच्या खाणावळीत पेलाभर पाणी मिळण्याची भ्रांत, त्यांनी हे नाव धारण करावे आणि ते सार्थ करून दाखवावे, ही गोष्ट मुळातूनच सांगण्यासारखी आहे.

क्रिकेटशी परिचय असलेल्या वाचकांस बेसबॉल समजावयास फार श्रम पडू नयेत. तेथील गोलंदाजास पिचर म्हणतात. तो चेंडूचा टप्पा न पाडता तो थेट फलंदाजाकडे फेकतो. फलंदाज गोल दांडक्याने चेंडू टोलवितो, आणि चौकोनाच्या कोपऱ्यांवर मांडलेल्या तळांस क्रमाने स्पर्श करून मूळ जागी परतला म्हणजे एक धाव होते. फलंदाजाच्या मागे, आपल्या यष्टिरक्षकाच्या जागी, कॅचर बसतो. प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू आणि नऊ डाव. बरोबरी झाल्यास निकाल लागेतो डाव वाढवितात. एवढे ध्यानात ठेवले की पुढील हकीकत समजावयास अडचण पडणार नाही.

या खेळात वर्णबंदी आरंभापासून संपूर्ण नव्हती. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर टोलेडोच्या संघातून त्या काळच्या एका प्रमुख लीगमध्ये खेळला होता. परंतु पुढील काही वर्षांतच गोऱ्या मालकांनी आपसांत समजूत करून घेतली, आणि कृष्णवर्णीयांस मोठ्या संघांची दारे बंद झाली. यासंबंधी मोठ्या लीगच्या नियमावलीत एक अक्षरही लिहिलेले नव्हते. आणि लिहिलेले नव्हते म्हणूनच ते खोडता येत नव्हते. आपल्याकडील रोटीबंदीचा अनुभव ज्यांस आहे, त्यांस अलिखित नियमाचे बळ निराळे सांगावयास नको.

पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिणेकडील कापसाची शेते सोडून लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील औद्योगिक शहरांत आली. त्यांच्या हाती प्रथमच रोख मजुरी खुळखुळू लागली, आणि त्याबरोबरच गोऱ्या शेजाऱ्यांचा द्वेषही वाट्यास आला. १९१९ च्या उन्हाळ्यात शिकागो शहरात जो वर्णदंगा झाला, त्यात ३८ माणसे मरण पावली. त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी, म्हणजे १३ फेब्रुवारी १९२० रोजी, मिसूरी प्रांतातील कॅन्सस सिटी येथे, पसेओ नामक रस्त्यावरील कृष्णवर्णीयांच्या वाय. एम. सी. ए. च्या इमारतीत काही संघमालक एकत्र जमले. त्यांना जमविणारा पुरुष म्हणजे शिकागो अमेरिकन जायंट्स या संघाचा सूत्रधार रूब फॉस्टर. हा धिप्पाड टेक्सासवासी तरुणपणी स्वतः नामांकित पिचर होता. गोरे दलाल आपल्या खेळाडूंच्या घामावर गबर होतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. आपला खेळ आपल्या हाती असावा, पैसा आपल्याच समाजात फिरावा, आणि दार उघडेल त्या दिवशी आपण तयार असावे, हा त्याचा ध्यास होता. त्या बैठकीतून ‘निग्रो नॅशनल लीग’ जन्मास आली. (‘निग्रो’ हा शब्द त्या काळचा; संस्थेचे नाव म्हणूनच तो आम्ही येथे ठेवला आहे.) आठ संघ तीत दाखल झाले आणि त्यांतील एक कॅन्सस सिटीचा होता.

येथे पहिले आश्चर्य असे, की कृष्णवर्णीयांच्या स्वावलंबनासाठी स्थापन झालेल्या या लीगमध्ये कॅन्सस सिटीच्या संघाचा मालक गोरा होता. त्याचे नाव जे. एल. विल्किन्सन. आयोवा प्रांतातील एका शिक्षकाचा हा मुलगा पिचर व्हावयास निघाला होता. पण हातास दुखापत झाली आणि खेळणे सुटले, तेव्हा तो संघ चालवू लागला. १९१२ साली त्याने ‘ऑल नेशन्स’ नावाचा एक विलक्षण संघ उभारला. त्यात गोरे, काळे, मूळचे इंडियन, क्यूबन, मेक्सिकन असे नाना वंशांचे लोक एकत्र खेळत, एकाच आगगाडीच्या डब्यात निजत आणि एकाच पंक्तीस जेवीत. सामन्याबरोबर कुस्ती आणि बँडही असे. तमाशाचा भाग त्यात होता हे खरे. परंतु खेळ अस्सल होता. गोऱ्या मालकास लीगमध्ये घेण्यास फॉस्टर प्रथम राजी नव्हता. तथापि कॅन्सस सिटीत चांगले मैदान भाड्याने मिळविण्याची सोय विल्किन्सनपाशी होती, आणि त्याच्या सचोटीविषयी खेळाडूंत दुमत नव्हते. फॉस्टरने आपला आग्रह सोडला, आणि हा निर्णय किती दूरदृष्टीचा होता हे पुढील दहा वर्षांनी दाखवून दिले.

विल्किन्सनने संघ जमविला तो दोन ठिकाणांहून. पहिले ठिकाण म्हणजे त्याचा जुना ‘ऑल नेशन्स’. तेथून जॉन डोनाल्डसन हा डावखुरा पिचर आला. ‘मोनार्क्स’ हे नाव त्यानेच सुचविले असे सांगतात. तेथूनच क्यूबाचा होझे मेंडेझ आला. १९०८ साली सिनसिनाटीचा गोरा संघ हवानास गेला असता, या एकवीस वर्षांच्या पोराने त्याच्या फलंदाजांस संपूर्ण सामन्यात एकच फटका मारू दिला होता, आणि पुढे सलग २५ डावांत पाहुण्यांस एकही धाव करू दिली नव्हती. क्यूबात त्यास ‘काळा हिरा’ म्हणत. त्याचा वर्ण थोडा उजळ असता तर अमेरिकेतील मोठ्या संघांनी त्यास तत्काळ उचलले असते. मोनार्क्सकडे येईपर्यंत त्याचा हात पूर्वीसारखा राहिला नव्हता. म्हणून तो मुख्यतः व्यवस्थापक झाला.

दुसरे ठिकाण अधिक नवलाचे होते, आणि ते म्हणजे अमेरिकेचे सैन्य. तेथेही वर्णभेद होताच. कृष्णवर्णीयांच्या पलटणी निराळ्या असत. त्यांपैकी २५ व्या पायदळ पलटणीचा बेसबॉल संघ प्रथम हवाई बेटांत व नंतर अॅरिझोनातील छावणीत अजिंक्य म्हणून गाजत होता. पुढे न्यूयॉर्क यांकीज संघाचा व्यवस्थापक म्हणून कीर्ती पावलेला केसी स्टेंगेल याने या शिपायांचा खेळ पाहिला आणि विल्किन्सनच्या कानी घातला, अशी आख्यायिका आहे. १९२० च्या उन्हाळ्यापासून हे शिपाई एकामागून एक मोनार्क्सच्या गणवेशात दिसू लागले. त्यांत डोबी मूर हा शॉर्टस्टॉप होता, आणि सर्वांत श्रेष्ठ असा चार्ल्स विल्बर रोगन होता. त्याच्या वेगामुळे लोक त्यास ‘बुलेट’ म्हणत. उंची अवघी पाच फूट सात इंच; पण मनगटे अशी, की चेंडू त्याच्या हातून सुटताना फारसा दिसतच नसे. बेसबॉलमध्ये पिचरची फलंदाजी सहसा कमकुवत असते. रोगन मात्र एक दिवस पिचर म्हणून सामना जिंकून देई आणि दुसऱ्या दिवशी मैदानाच्या टोकास उभा राहून फलंदाजीच्या बळावर जिंकून देई. ज्या देशाने या माणसाच्या हाती बंदूक दिली, त्याच देशाने त्यास आपल्या मोठ्या मैदानांवर चेंडू मात्र धरू दिला नाही.

परंतु चांगले खेळाडू जमविले म्हणजे संघ उभा राहतो असे नव्हे. त्यास एक गाव लागते, आणि ते गाव मोनार्क्सना कॅन्सस सिटीच्या पूर्वभागात मिळाले. त्या काळी शहरात सुमारे ३० हजार कृष्णवर्णीय राहत. अठरावा रस्ता आणि व्हाइन रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, त्या परिसरात त्यांची दुकाने, दवाखाने, उपाहारगृहे आणि संगीतशाळा दाटीने वसल्या होत्या. पुढे जॅझ संगीताची एक स्वतंत्र परंपरा येथेच वाढीस लागली. १९१९ साली चेस्टर फ्रँकलिन याने येथे ‘कॉल’ हे साप्ताहिक सुरू केले होते. गोऱ्यांची वर्तमानपत्रे कृष्णवर्णीयांची नावे बहुधा गुन्ह्यांच्या रकान्यात छापीत. ‘कॉल’मध्ये मात्र रोगनच्या एकेका विजयाचे साद्यंत वर्णन येई. हंगामाच्या पहिल्या दिवशी मोटारींची आणि बँडची मिरवणूक निघे. रविवारी दुपारी सामना असला म्हणजे काही चर्चमधील प्रार्थना लवकर आटोपत, आणि मंडळी देवळातील पोशाखानिशीच मैदानाची वाट धरीत. पुरुष टाय व टोपी घालून आणि स्त्रिया ठेवणीतले कपडे घालून येत. आठवडाभर मांस कारखान्यांत, आगगाड्यांत आणि परक्या स्वयंपाकघरांत राबलेल्या माणसांस त्या दुपारी आपण कोणाच्या ताब्यात नाही असे वाटे. ही भावना धावफलकावर मांडता येत नाही. परंतु तिचा हिशेब न धरता त्या संघाचा उत्कर्ष कळणार नाही.

मैदान मात्र परक्याचे होते. कॅन्सस सिटीत ‘ब्लूज’ नावाचा गोऱ्यांचा एक संघ होता. तो मोठ्या लीगच्या एक पायरी खालच्या लीगमध्ये खेळे. त्याचे मैदान तो परगावी गेला की मोनार्क्स भाड्याने घेत. १९२३ साली मद्य-कारखानदार म्यूलबाख याने नवे क्रीडांगण बांधले, तेथेही हीच व्यवस्था राहिली. ब्लूजच्या सामन्यांस कृष्णवर्णीय प्रेक्षकांस वेगळ्या कोपऱ्यात बसवीत. मोनार्क्सच्या सामन्यांस मात्र असा पंक्तिभेद नसे; गोरे प्रेक्षकही पुष्कळ येत आणि जागा मिळेल तेथे शेजारी शेजारी बसत. एकाच मैदानावरील त्याच बाकांवर एका दिवशी एक कायदा आणि दुसऱ्या दिवशी दुसरा, असा हा प्रकार होता.

ब्लूज आणि मोनार्क्स समोरासमोर आले तर काय होईल, हे कुतूहल सर्व शहरास होते. १९२१ च्या हंगामाअखेर ती मालिका झाली आणि ब्लूजनी ती जिंकली. पुढील वर्षी पुन्हा गाठ पडली. या वेळी सहांपैकी पाच सामने मोनार्क्सनी जिंकले. त्यानंतर ही मालिका खुंटली. खेळाच्या मैदानावर गोऱ्यांची श्रेष्ठता सिद्ध करणे अवघड होऊ लागले, तेव्हा मैदानावर न उतरणे हाच सोपा मार्ग होता. कॅन्सस सिटीच्या शहाण्या नागरिकांस मात्र आपल्या शहरातील सर्वोत्तम संघ कोणता हे कळून चुकले होते.

लीगच्या आखाड्यात पहिली तीन वर्षे फॉस्टरचाच शिकागो संघ अजिंक्य राहिला. १९२३ साली मोनार्क्सनी त्यास प्रथम खाली ओढले आणि विजयपताका कॅन्सस सिटीस आणली; १९२४ व १९२५ मध्येही ती त्यांच्याकडेच राहिली. याच सुमारास लीगने कृष्णवर्णीय पंच नेमावयास आरंभ केला. तोपर्यंत काळ्या खेळाडूंच्या सामन्यांत न्याय द्यावयास बहुधा गोराच पंच लागे! हा उत्कर्ष किती अडचणींतून साधावा लागला हेही ध्यानात घेतले पाहिजे. मैदाने भाड्याची असल्यामुळे वेळापत्रक दुसऱ्याच्या सोयीने ठरे. एका संघाचे सामने अधिक तर दुसऱ्याचे कमी, असे नित्य होई. लीगच्या सामन्यांवर पगार भागत नसत, म्हणून मधल्या दिवसांत कॅन्सस, नेब्रास्का, ओक्लाहोमा अशा प्रांतांतील लहान गावी जाऊन तेथील स्थानिक संघांशी खेळावे लागे. सामना संपला की टाळ्या वाजविणाऱ्या त्याच गावात निजावयास खोली मिळेल याचा भरवसा नसे. असे असूनही विल्किन्सनचा पगार वेळच्या वेळी होई, आणि तो खेळाडूंबरोबर प्रवास करी. खेळाडूंस टापटिपीने राहण्याची शिस्त होती. मोनार्क्सचा माणूस रस्त्यात ओळखू आला पाहिजे असा दंडक होता.

१९२३ साली पूर्व किनाऱ्यावरही कृष्णवर्णीय संघांची दुसरी लीग निघाली. दोन्ही लीगांत वितुष्ट होते. खेळाडूंची पळवापळवी चाले. अखेर समेट झाला आणि १९२४ च्या ऑक्टोबरात दोन्ही विजेत्यांमध्ये पहिली ‘कृष्णवर्णीय जागतिक मालिका’ ठरली. मोनार्क्ससमोर फिलाडेल्फियाजवळील डार्बी गावचा हिलडेल संघ उभा राहिला. नऊपैकी पाच सामने जिंकणारा विजयी, असा करार होता. दोन सामने फिलाडेल्फियास व्हावयाचे; परंतु तेथे रविवारी खेळण्यास कायद्याने मनाई असल्यामुळे पुढचे दोन बाल्टिमोरला, नंतरचे कॅन्सस सिटीस, आणि राहिलेले शिकागोस फॉस्टरच्या मैदानावर, असा फिरता मुक्काम होता.

३ ऑक्टोबरला रोगनने पहिला सामना ६-२ असा जिंकून दिला. दुसऱ्या सामन्यात हिलडेलच्या निप विंटर्स या डावखुऱ्या पिचरने मोनार्क्सना ११-० असे धुळीस मिळविले. तिसरा सामना तेरा डाव चालला आणि अंधार पडल्यामुळे ६-६ अशा बरोबरीत सोडावा लागला. चौथा हिलडेलने एका धावेने घेतला. मालिका कॅन्सस सिटीस आली तेव्हा मोनार्क्स मागे होते, आणि स्वतःच्या गावातील पहिलाच सामना हरून ते अधिकच मागे पडले. मालिका येथेच संपली असे अनेकांस वाटले असेल. परंतु पुढील सामना त्यांनी ६-५ असा आणि त्यापुढचा बाराव्या डावात ४-३ असा जिंकून बरोबरी साधली.

शिकागोतील आठवा सामना हा या मालिकेचा मर्मबिंदू होय. नवव्या डावाच्या आरंभी हिलडेल २-० ने पुढे होते. मोनार्क्सनी एक धाव काढली, तिन्ही तळांवर खेळाडू उभे राहिले, आणि एकच गडी बाद व्हावयाचा उरला. अशा वेळी मोनार्क्सचा कॅचर फ्रँक डंकन याचा चेंडू मूळ तळाजवळ सरळ आकाशात उडाला. हिलडेलचा वयोवृद्ध कॅचर लुई सँटोप त्याखाली गेला. असे झेल त्याने आयुष्यात शेकड्यांनी घेतले असतील. हा त्याच्या हातून सुटला. जीवदान मिळालेल्या डंकनने पुढे चेंडू क्षेत्ररक्षकांमधून घालविला, दोन धावा झाल्या, आणि मोनार्क्स ३-२ असे जिंकले. सामन्यानंतर हिलडेलच्या कर्णधाराने सँटोपला सर्वांदेखत अद्वातद्वा बोलून घेतले, असे सांगतात. त्याच्या इतक्या वर्षांच्या पराक्रमास त्या एका क्षणाने ग्रहण लावले. खेळ निर्दय असतो, हे येथे कोणाही वर्णाच्या माणसास पटावे.

नववा सामना हिलडेलने जिंकला आणि चार-चार अशी बरोबरी झाली. २० ऑक्टोबरला निर्णायक सामना होता. मोनार्क्सचे पिचर थकून गेले होते. तेव्हा सदतीस वर्षांचा व्यवस्थापक मेंडेझ याने स्वतः चेंडू हाती घेतला. त्याच्या हातावर शस्त्रक्रिया झाली होती आणि पिचर म्हणून खेळू नये असे डॉक्टरांनी बजावले होते, असे म्हणतात. थंडी कडाक्याची होती. सात डाव कोणाचीच धाव झाली नाही. वेग गेलेला, परंतु सोळा-सतरा वर्षांचे शहाणपण बोटांत साठलेला हा पुरुष एकेका फलंदाजास नुसत्या जागेच्या आणि गतीच्या फेरफाराने चकवीत राहिला. आठव्या डावात मोनार्क्सच्या फलंदाजांनी एकदम पाच धावा काढल्या. हिलडेलला शेवटपर्यंत एकही धाव मिळाली नाही. संपूर्ण सामन्यात त्यांचे फटके फक्त तीन झाले. ज्या हातास अमेरिकेच्या मोठ्या लीगने कधी स्थान दिले नाही, त्या हाताने कॅन्सस सिटीस सम्राटपद मिळवून दिले.

या विजयाचा रोख हिशेबही पाहण्यासारखा आहे. दहा सामन्यांस मिळून सुमारे ४६ हजार प्रेक्षक आले आणि सुमारे ५२ हजार डॉलर जमले. प्रवासाचा, मैदानांचा व इतर खर्च जाऊन विजयी मोनार्क्सच्या प्रत्येक खेळाडूच्या हाती तीनशे डॉलरच्या आसपास रक्कम पडली. त्याच महिन्यात गोऱ्या संघांची जागतिक मालिका वॉशिंग्टनने जिंकली. तेथे प्रत्येक विजयी खेळाडूस सुमारे सहा हजार डॉलर मिळाले. मेंडेझ आणि वॉशिंग्टनचा कोणताही पिचर यांच्या कौशल्यात एकास वीस असे अंतर होते, असे कोणीही जाणता मनुष्य म्हणणार नाही. अंतर कौशल्याचे नव्हते, दाराचे होते.

सम्राटपद मिळविणे एक आणि टिकविणे दुसरे. १९२५ साली मोनार्क्स व हिलडेल यांची पुन्हा गाठ पडली. परंतु मालिकेच्या तोंडावर रोगन घरी आपल्या मुलाशी खेळत असता त्याच्या गुडघ्यात सुई घुसली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तो खेळू शकला नाही, आणि हिलडेलने पाच सामने जिंकून, एकच हरून, मागचा हिशेब चुकता केला. १९२६ साली मूरच्या पायात गोळी लागून त्याचा खेळ कायमचा संपला. त्याच वर्षी व्यवस्थापक झालेल्या रोगनने शिकागोविरुद्ध अखेरच्या दिवशी दोन्ही सामन्यांत स्वतः पिचर म्हणून झुंज दिली. रूब फॉस्टरचा सावत्र भाऊ बिल फॉस्टर याने ते दोन्ही सामने, १-० आणि ५-० असे, त्याच्याकडून हिरावून घेतले. खुद्द रूबच्या मनाचा तोल याच वर्षी ढळला. त्यास वेड्यांच्या रुग्णालयात ठेवावे लागले आणि तेथेच १९३० च्या डिसेंबरात त्याचा अंत झाला. १९२८ मध्ये मेंडेझही क्यूबात वारला. इतके आघात होऊनही १९२९ साली मोनार्क्सनी हंगामाचे दोन्ही अर्ध जिंकून लीगचे अजिंक्यपद चौथ्यांदा मिळविले. एका पिढीचा पराक्रम दुसऱ्या पिढीच्या हाती सोपविण्याइतकी ती संस्था आता पक्की झाली होती. व्यक्ती गेल्या, घर उभे राहिले.

त्या घराची कसोटी लगेच लागली. १९२९ च्या अखेरीस आर्थिक मंदी आली आणि दिवसा मजुरी सोडून सामना पाहावयास येणे लोकांस परवडेनासे झाले. तेव्हा विल्किन्सनने आपली मालमत्ता गहाण टाकून एक धाडस केले. ट्रकांवर उभारता येतील असे उंच खांब, त्यांवर झगझगीत दिवे आणि त्यांस वीज पुरविणारे जनित्र त्याने तयार करविले. २८ एप्रिल १९३० रोजी ओक्लाहोमातील एनिड गावी त्या उजेडात मोनार्क्सचा पहिला रात्रीचा सामना झाला. जनित्राची घरघर कान किटवी, आणि उंच उडालेला चेंडू अंधारात नाहीसा होई. परंतु दिवसभर राबणारा मजूर आता संध्याकाळी खेळ पाहू शकला. मोठ्या लीगमध्ये पहिला रात्रीचा सामना व्हावयास १९३५ साल उजाडावे लागले. ज्यांस दाराबाहेर ठेवले होते ते या एका बाबतीत आतल्यांच्या पाच वर्षे पुढे होते.

पुढील कथा परिचित आहे, तरी तिची एक बाजू सहसा झाकलेली राहते. १९४५ साली जॅकी रॉबिन्सन मोनार्क्सचा शॉर्टस्टॉप होता. त्या वर्षी ब्रुकलिनच्या ब्रँच रिकीने त्यास करारबद्ध केले, आणि मोनार्क्सला मोबदला म्हणून एक डॉलरही दिला नाही. तुमच्या लीगा मुळी लीगाच नव्हेत, असा त्याचा युक्तिवाद होता. मोनार्क्सच्या चालकांनी प्रथम कुरकूर केली. परंतु ज्या दिवसाची सारा समाज साठ वर्षे वाट पाहत होता, त्या दिवसाच्या आड येणे विल्किन्सनला प्रशस्त वाटले नाही. १९४८ साली त्याने आपला हिस्सा विकून टाकला. प्रेक्षक आता रॉबिन्सनच्या मागे गेले, उत्तमोत्तम तरुण खेळाडू एकेक करून मोठ्या संघांकडे गेले, आणि कृष्णवर्णीयांच्या लीगा काही वर्षांतच ओसाड पडल्या. मोनार्क्सने मोठ्या लीगांस जितके खेळाडू पुरविले तितके दुसऱ्या कोणत्याही कृष्णवर्णीय संघाने पुरविले नाहीत. आणि १९६० नंतर लवकरच मोनार्क्सचाही शेवट झाला. रोगन तोवर पंचाचे काम आणि टपालखात्यातील नोकरी करून निवृत्त झाला होता. १९६७ साली तो वारला. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव १९९८ मध्ये लागले, मेंडेझ आणि विल्किन्सन यांची नावे २००६ मध्ये. १९२० ते १९४८ या काळातील या लीगा ‘मोठ्या लीगा’च होत्या, असा निर्वाळा अमेरिकेच्या बेसबॉल-सत्तेने २०२० मध्ये दिला, आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले. रिकीचा युक्तिवाद अशा रीतीने पाऊणशे वर्षांनी खोडला गेला. ज्यांचे देणे होते ते बहुतेक तेव्हा हयात नव्हते.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की वर्णबंदी राहिली असती तर बरे झाले असते. दार उघडले हे उत्तमच झाले. ते उघडावयास इतका काळ लागला हाच अपराध होय. आमचा आक्षेप निराळा आहे. या संघांकडे लोक आजही केवळ एक प्रतीक्षालय म्हणून पाहतात. रॉबिन्सन येईपर्यंत खेळाडूंनी वेळ घालविण्याची ती जागा, असा तो समज आहे. परंतु १९२४ च्या ऑक्टोबरात कॅन्सस सिटीच्या मैदानावर दोन्ही संघ ओळीने उभे असलेले जे लांबरुंद छायाचित्र घेतले गेले, त्यातील एकाही चेहऱ्यावर वाट पाहणाऱ्याचा भाव दिसत नाही. त्यांचे पंच, त्यांचे वर्तमानपत्र, त्यांची मिरवणूक, त्यांचे हिशेब आणि त्यांची भांडणेही त्यांची स्वतःची होती. समता मिळाली तेव्हा गुणी खेळाडू आत घेतले गेले. ज्या संस्थांनी ते घडविले त्या संस्थांस, त्यांच्या व्यवस्थापकांस, पंचांस आणि मालकांस आत जागा मिळाली नाही. एखाद्यास आपल्या पंक्तीस बसविताना त्याच्या घरची चूल विझवावी लागते काय, हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही आणि केवळ खेळाचाही नाही. समतेच्या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येक समाजास तो कधी ना कधी सोडवावा लागेल. तो सोडविताना कॅन्सस सिटीच्या त्या दहा वर्षांचे स्मरण उपयोगी पडावे.